पायडलवरची गाणी

मी एक जुनी पायमशीन आहे. शिवणाची. मित्रांनो, मला बघितलं की हल्ली मोठ्या माणसांना गहिवरून येतं. 'किती गोड, जुन्या काळातली!' म्हणत ते माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. हॉटेलवाल्यांनी तर माझ्या कितीतरी बहिणींची डोकी उतरवली, उरलेल्या पायांवर काच ठेवली आणि त्यांची जेवायची टेबलं केली. असलं कौतुक मला नको. मी शोभेची नाही, कामाची आहे. आणि मी जे सांगणार आहे ते माझ्यापेक्षा माझ्यावर बसणाऱ्या बाईचं जास्त आहे. कारण तिची चाळीस वर्षं मी खाल्लीत. ते आधी कबूल करते, मग पुढचं बोलते.

माझा जन्म ओतीव लोखंडाचा. भट्टीतून निघाले, घासली गेले, काळा रंग लागला, त्यावर सोनेरी वेलबुट्टी आली. कारखान्यातल्या शेवटच्या टेबलावर एका बाईने माझ्यात तेलाचे थेंब सोडले, चिंधीवर एक सरळ टीप मारून बघितली आणि 'चालतंय' असं म्हणून मला पुढे ढकललं. मला वाटलं, आपण कुणाच्या तरी आनंदासाठी चाललोय. कसलं काय! मला एका घरात आणलं ते एका मुलीचं तोंड बंद करायला.

ती मुलगी एकोणीस वर्षांची होती. गाणी लिहायची. एका नाटक मंडळीच्या संगीतकाराने तिची वही बघून 'ये, बसून बघू' असा निरोप धाडला होता. तिच्या वडिलांनी निरोप वाचला, फाडला आणि संध्याकाळी हातगाडीवरून मला घेऊन आले.

"गाणी लिहून कुणाचं भलं झालंय? हात चालव. हाताला काम असलं की डोक्यात असलं काही येत नाही."

वडील वाईट नव्हते. घाबरलेले होते. पण घाबरलेला माणूस दुसऱ्याचं जेवढं नुकसान करतो तेवढं वाईट माणसालाही जमत नाही, हे मी लोखंडाची असून मला कळतं.

पहिल्या दिवशी तिने माझ्या पायडलवर लाथच मारली. दोरा तुटला. ओवला, पुन्हा लाथ, पुन्हा तुटला. असं दुपारभर चाललं. शेवटी थकून तिने दोन्ही पाय नीट ठेवले आणि हळूहळू दाबायला लागली. माझं चाक फिरलं. खटखट-खट, खटखट-खट. तिचे पाय थबकले. मग तेच पुन्हा, जरा लांबवून. मग तिच्या तोंडातून एक ओळ निघाली, बरोबर माझ्या ठेक्यावर. वडील शेजारच्या खोलीत चहा पीत होते. त्यांना वाटलं, मुलगी कामाला लागली.

मित्रांनो, अशी ती शिवणाऱ्यांतली झाली. लग्न झालं, मीही बरोबर गेले. नवरा काज-बटणाचा कारागीर. पुढे दोघांनी रस्त्यावर उघडणारी एक खोली घेतली. दाराशी स्टुलावर तो काज करायचा, आत खिडकीखाली मी आणि ती. शाळेचे गणवेश, पडदे, पँटी, गॅरेजवाल्यांचे डगले. एक मुलगा झाला. तो माझ्याच पायडलखाली चिंध्या चघळत मोठा झाला. गिऱ्हाईकं तिला मावशी म्हणायला लागली, आधी लहान मुलं, मग मोठी, मग म्हातारीसुद्धा.

आणि ती गात राहिली. गाणी लिहायची नाही, नुसती जुळवायची. पँटची लांब टीप असली की लांब ओळ. कॉलर असली की टोकाशी थांबायचं, कापड फिरवायचं, नवी ओळ. खिसा शिवताना जी कडवी यायची ती मला सगळ्यांत आवडायची. खिशाला तीन बाजूंनी टीप असते, वरची बाजू उघडी. तिच्या कडव्यालाही तीनच ओळी. चौथ्या ओळीच्या जागी नुसतं गुणगुणणं.

बाह्या आल्या कोपरावर,
सदरा माझा तोकडा गं,
वाढले मी, की आटला तो…

आणि मग हं हं हं. कपडा उतरला की गाणंही उतरायचं. दुसऱ्या दिवशी तिलाच आठवायचं नाही. किती गाणी अशी चिंध्यांबरोबर झाडून गेली, कुणाला पत्ता नाही.

ती साठीला आली तेव्हा एकदा दुपारी नवरा दाराशी बसल्या बसल्या म्हणाला, "अगं, कालचं ते पडद्याचं गाणं म्हण ना."

"कुठलं?"

"झालं! मी बहिरा होत चाललोय ते परवडलं. निदान ऐकलेलं विसरत तरी नाही. लिहून ठेव की."

"आता? या वयात? लोक हसतील."

"चाळीस वर्षं लोकांच्या पँटी आखूड-लांब करतेयस. तुला बघून ते हसणार? त्यांच्या पोटाचे घेर तुला पाठ आहेत."

त्या दिवसापासून दुकान दोन ते चार बंद राहायला लागलं. दाराला कडी घालायची, कापणीचा खाकी कागद घ्यायचा, माझ्यात एक बिनकामाची चिंधी घालायची आणि पायडल मारत लिहायचं. महिन्याभरात भिंतीवरच्या खिळ्याला गाण्यांचा गठ्ठा लटकला.

मग आपटी सुरू झाली.

पहिली आपटी एका गीतस्पर्धेची. तिने तीन गाणी सुवाच्य अक्षरात पाठवली. उत्तर आलं: स्पर्धा पस्तीस वर्षांपर्यंतच्या 'नवोदितांसाठी' आहे. का हो? पस्तिशीनंतर माणसाचे शब्द आंबतात का? जिला लिहायला वेळच साठाव्या वर्षी मिळाला ती नवोदित नाही, तर कोण आहे? नियम करणाऱ्यांच्या घरीही कुणीतरी स्वयंपाक केला असेल, कपडे धुतले असतील, आणि ते करता करता तिची पस्तिशी उलटली असेल. विचारलंय का तिला?

दुसरी आपटी डोळ्यांदेखत झाली. गाण्यांना चाली लावणारे एक गृहस्थ आमचे गिऱ्हाईक होते. त्यांच्या पँटची कंबर तिने तीनदा वाढवून दिली होती. चौथ्यांदा आले तेव्हा तिने धीर करून गठ्ठा त्यांच्या हातात दिला आणि स्वतः माप घ्यायला लागली. म्हणजे त्यांच्या तोंडाकडे बघायला नको.

"मावशी, कडव्याला चौथी ओळच नाही."

"नाहीच आहे."

"अहो, विसरलात का?"

"खिसा चारही बाजूंनी शिवला तर हात कुठून घालाल?"

ते खो खो हसले. मग गठ्ठा परत देत म्हणाले, "शब्द बरे आहेत हो. छंद म्हणून चांगलंय, मन रमतं या वयात. बाकी या क्षेत्रात आता सगळी तरणी पोरं."

तिने टेप आवळली. "पोट आत घेऊ नका. खोटं माप निघतं."

पँट तिने चोख करून दिली. मी माणूस असते तर एक टाचणी आत विसरले असते.

त्यानंतर आठ दिवस दोन वाजले तरी ती कागद काढेना. पडदे शिवत बसायची. नवव्या दिवशी एक तिशीची बाई लांब झगा घेऊन आली. व्यवसायाने गायिका. आठवड्याला कुठे ना कुठे कार्यक्रम. झग्याचा घेर कमी करायचा होता, थांबून न्यायचा होता. ती बाकावर बसली, आणि आमची मावशी सवयीने गुणगुणायला लागली.

"हे कुणाचं गाणं?" गायिकेने विचारलं.

"कुणाचं नाही. माझंच आहे."

गायिका बाकावरून उठून माझ्याजवळच येऊन उभी राहिली. पुन्हा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा स्वतः म्हणाली, आणि चौथ्या ओळीच्या जागी असा काही सूर लावला की दाराशी काज करणारा मान वर करून बघायला लागला.

"मावशी, हे पूर्ण करून द्याल? तीन आठवड्यांनी सभागृहात कार्यक्रम आहे. मला हे गायचंय."

चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणी तिच्याकडे गाणं मागितलं होतं. एकच कडवं तयार होतं, अजून तीन हवी होती. आणि नेमकं तेव्हाच मुलाचं प्रेम उतू गेलं.

मुलगा पंपांच्या मोटारी दुरुस्त करतो. त्याच्या लेखी जगातली प्रत्येक गोष्ट मोटर बसवायची राहून गेलेली आहे. आईचे गुडघे दुखतात, जिना उतरताना ती भिंत धरते, हे त्याला बघवेना. एका रविवारी येऊन त्याने माझा चामडी पट्टा काढला आणि मला विजेवर चालवलं.

"आई, आता नुसता पायाचा अंगठा टेकवायचा. पळते बघ कशी!"

पळाले मी. भुर्रकन. एका दमात सबंध पडदा. तिचे डोळे भरून आले, तिने पोराच्या तोंडावरून हात फिरवला. खरंच आराम होता. पण सोमवारी दोन वाजता ती कागद घेऊन बसली, अंगठा टेकवला, आणि मी घुंईंऽऽ केलं. ठेका नाही, थांबा नाही, काही नाही. नुसती घुंई. तिने अंगठा उचलला. पुन्हा टेकवला. घुंई.

पहिला आठवडा गेला. कागद कोरा. दुसरा आठवडा गेला. ती स्वतःला म्हणायला लागली, "आटलं बहुतेक. होतं तेवढं संपलं." हिला गप्प करायला मला आणलं तेव्हा ते जमलं नव्हतं. आता चाळीस वर्षांनी जमत होतं, तेही सगळ्यांच्या मायेने.

शेवटी ती मुलाला म्हणाली, "मोटर काढ."

"आई, गुडघा गेला तर गाणी काय गुडघ्याला लावायचीत?"

"गुडघा माझा आहे."

"डॉक्टर काय म्हणाले विसरलीस?"

"डॉक्टरांनी शिवू नको म्हटलंय. लिहू नको म्हटलं नाही."

"लिहायला पाय लागतात? जगात कुणी पायाने लिहितं का?"

"मी लिहिते!"

मुलगा चिडून निघून गेला. दाराशी बसलेल्या नवऱ्याने काहीच ऐकलं नाही असं दाखवलं. पण दुसऱ्या दिवशी दोनला पाच मिनिटं असताना तो कंबर धरत उठला, पान्हा घेतला, माझ्यासमोर मांडी घातली आणि मोटारीचा पट्टा उतरवून चामडी पट्टा चढवला. मग तिच्या मांडीवर गरम पाण्याची पिशवी ठेवली.

"चारला परत मोटर लावीन. तोवर मार पायडल. आणि दुखलं तर सांग, उगाच बहाद्दरी नको."

खटखट-खट. खटखट-खट. दुखत होतं तिला, माझ्या लोखंडाला कळत होतं. पण सातव्या दिवशी, मुदतीच्या आदल्या दुपारी, चौथं कडवं खिशासारखं बसलं.

आता तिची चूक ऐका. शिवणाऱ्या माणसाशिवाय कुणी करणार नाही अशी. आमच्याकडे कपडा तयार झाला की घडी घालून त्यावर चिठ्ठी टाचतात, आणि चिठ्ठीवर नाव असतं गिऱ्हाइकाचं. शिवणाऱ्याचं कधीच नसतं. तिने गाण्याच्या कागदाची घडी घातली, चिठ्ठी टाचली, गायिकेचं नाव लिहिलं आणि पाठवून दिलं.

मी सभागृहात नव्हते. मला उचलायला चौघं लागतात. पण मुलाने सगळं फोनवर घेतलं होतं (हो, तो आला होता, रुसलेलं तोंड घेऊन का होईना), आणि दुसऱ्या दिवशी दुकानात ते इतक्या मोठ्यांदा लावलं की बहिऱ्यालाही ऐकू आलं.

तोच कागद हातात घेऊन निवेदक म्हणतो, "आता एक नवं गीत," आणि वाचतो ते चिठ्ठीवरचं नाव. "शब्दही यांचेच, सूरही यांचेच!" टाळ्या. गायिका काहीतरी बोलायला जाते, पण वाद्यं सुरू झालेली असतात. आणि तेवढ्यात पाचव्या रांगेतून एक आवाज येतो. तो आवाज मी चाळीस वर्षं ऐकतेय, पण इतका मोठा कधीच ऐकला नव्हता.

"थांबा! कपडा तिच्या मापाचा आहे. शिवलाय मी!"

वाद्यं थांबली. मग कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, आणि त्या हसण्यातून गायिकेचा आवाज आला, "मावशी, वर या. तुमचं नाव तुम्हीच सांगा." पायऱ्या चढायला तिला वेळ लागला. कुणीही घाई केली नाही. मग तिने माईकमध्ये आपलं नाव सांगितलं, आडनावासकट, आणि सांगितलं, "वय साठ. नवोदित."

फोनमध्ये त्यापुढे गाणं आहे. मी मोटारीवर नसते तेव्हा ते मला लावून दाखवतात.

त्यानंतर काय झालं? फार मोठं काही नाही. ती जगप्रसिद्ध वगैरे झालेली नाही, आणि ते चाली लावणारे गृहस्थ अजून छंदच म्हणतात. पण तिची तीन गाणी गायली जातात. एका शाळेने मुलांसाठी गाणं मागितलंय. आमच्याकडे आता कापडाची मापं घेतात, तशी गाण्याचीही घेतात: आवाज केवढा, दम किती, कोण ऐकणार. मुलाने माझ्या बाजूला एक खटका बसवून दिलाय. इकडे केला की मोटर, तिकडे केला की पाय. दिलगिरी तो अशीच व्यक्त करतो.

तर मित्रांनो, आम्हा जुन्या यंत्रांना तेल द्या, फडकं मारा, हे मी सांगायला हवं. सांगितलं. पण खरी विनंती वेगळी आहे. तुमच्या घरात कुणी आई, काका, आत्या, आजोबा रोज तासभर कोपऱ्यात बसून काही जुळवत असतील, तर त्यांना हाक मारू नका. चहा कुठाय, मोजा कुठाय, चावी कुठाय, विचारू नका. शोधा स्वतः. त्या तासाची त्यांनी किती वर्षं वाट बघितली आहे ते तुम्हाला माहीत नाही. आणि त्यांनी काही दाखवलं, तर 'छान' म्हणून पुढे जाऊ नका. बसा आणि शेवटपर्यंत ऐका.

आता पुरे. दोन वाजलेत, कडी घातल्याचा आवाज आला. शाळेच्या गाण्याचं दुसरं कडवं परवापासून अडलंय आणि ती त्याला शिव्या घालतेय. म्हणजे आज बसणार.