बोलणाऱ्या पत्र्याचे गुण

सोमवारी सकाळी अकरा वाजता दीक्षा तायडेचा निकाल राखून ठेवण्यात आला. अमरावतीच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या फलकावर बाकी सगळ्यांचे गुण लागले. तिच्या नावापुढे 'राखीव' एवढंच होतं. पुण्याच्या एका डिझाइन संस्थेत तिला जागा मिळाली होती. अंतिम गुणपत्रिका शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तिथे पोचली नाही, तर ती जागा प्रतीक्षेतल्या पुढच्या विद्यार्थ्याला जाणार होती.

अडलेला विषय एकच, 'यंत्र आणि कला'. मेकॅनिकलच्या अश्विन भटकर सरांनी तो सुरू केलेला. विद्यार्थ्याने एक चालती वस्तू करायची. ती यंत्र म्हणून चालली पाहिजे आणि कलाकृती म्हणूनही. बाहेरचे दोन परीक्षक, एक अभियंता आणि एक कलाशिक्षक. प्रत्येकाकडे पन्नास गुण आणि प्रत्येकाकडे वेगळं पास होणं सक्तीचं.

शेंदूरजनाघाटच्या दीक्षाने संत्र्यांची प्रतवारी करणारं यंत्र केलं होतं. उतारावर ठेवलेल्या दोन सळयांमधली फट पुढे रुंद होत जायची. संत्री तिच्यावरून घरंगळत यायची आणि आकाराप्रमाणे आपापल्या ठिकाणी खाली पडायची. प्रत्येक ठिकाणी खाली एक लोखंडी पत्रा. लहान फळाचा सूर वेगळा, मोठ्याचा वेगळा. टोपलं ओतलं की गाणं सुरू, आणि दर टोपल्याचं निराळं.

अभियंता परीक्षक ताहेर सरांनी चव्वेचाळीस गुण दिले. शिल्पकला शिकवणाऱ्या ज्योत्स्ना गवई यांनी चौदा.

"म्हणजे यंत्र उत्तम, कला नापास," अश्विन सरांनी दीक्षाला सांगितलं.

"मले तं उलटं वाटलं होतं सर," ती म्हणाली. "वाजते तं मस्त."

परीक्षक दोघेही अकोल्याचे. मंगळवारी अश्विन सर अकोल्याला गेले आणि आधी ज्योत्स्ना मॅडमना भेटले.

"काय खटकलं मॅडम? रंग? मांडणी?"

"रंगाचं काय घेऊन बसलात? वेल्डिंग पाहिलंत का तुम्ही? एकेका पत्र्याला नुसते दोन टाके. बाळापूरला माझ्या बाबांचं फॅब्रिकेशनचं दुकान होतं. असं गेट कोणी बनवलं असतं, तर त्यांनी त्याच्यामागे हातोडा फेकला असता."

"पण ते यंत्राचं झालं. तुम्ही कलेच्या परीक्षक."

"असं कुठं लिहिलंय?"

कुठेच लिहिलेलं नव्हतं. अभ्यासक्रमात अश्विन सरांनी स्वतःच 'समग्र मूल्यमापन' असे दोन शब्द टाकले होते. ते करायचं कसं, हे तोवर कोणी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी ताहेर सरांनी चहा पुढे केला आणि हसले. "भटकर साहेब, मशीन म्हणून मी ते पाहिलंच नाही. ज्योत्स्नाबाई वाकून वाकून सगळं तपासत होत्या, म्हटलं तो भाग झाला. मी आपला ऐकत बसलो. क्या बात है, काय वाजतं!"

"आणि मशीन म्हणून?"

"मशीन म्हणून नापास. एक सीझन नाही टिकणार."

म्हणजे ज्याने त्याने आपापल्या विषयाचे गुण दिले असते, तरी मुलगी एकीकडे नापासच होती. अश्विन सरांना दोष मात्र एकच दिसला: वेल्डिंग. फेरतपासणीआधी दुरुस्तीची मुभा नियमात होती. त्यांनी अकोल्याच्या बसस्थानकावरूनच वर्कशॉपच्या पिंटूभाऊंना फोन लावला. "त्या पत्र्यांना चारी बाजूंनी पक्कं वेल्डिंग मारून ठेवा." दीक्षा तेव्हा गावी होती. तिला कोणी विचारलं नाही.

गुरुवारी दोन्ही परीक्षक अमरावतीला आले. दीक्षाने टोपलं ओतलं.

ठक. ठक. ठक.

लहान फळ, मोठं फळ, आवाज एकच. ताहेर सरांनी मिटलेले डोळे उघडले. दीक्षाने खाली वाकून पत्र्याच्या कडेवरून बोट फिरवलं.

"हा वेल्ड कोनं मारला?"

पिंटूभाऊंनी अश्विन सरांकडे पाहिलं.

"काहून मारला सर? पत्रा चारी बाजूनं धरला का त्याचा आवाज मरते. म्हून तं दोनच टाके देल्ले होते मी. ते जागा शोधता शोधता अर्धं सेमिस्टर गेलं माझं."

"मग त्या दिवशी सांगायचं ना, पोरी," ज्योत्स्ना मॅडम म्हणाल्या.

"कोनी विचारलंच नाई मॅडम. तुमी वेल्ड पाहून राहिल्या होत्या, सर डोये मिटून बसले होते. मी सांगू कोनाले?"

ताहेर सर मोठ्याने हसले. ज्योत्स्ना मॅडम हसल्या नाहीत. "आवाजाचं समजलं. पण मंडीत एखाद्या बाईच्या पायावर पत्रा निसटून पडला, तर तिला सूर समजावणार का?"

दीक्षा खाली पडलेली संत्री टोपल्यात भरू लागली.

"आजच्या यंत्राला मी पास करते," मॅडम म्हणाल्या.

"आजच्याला मी नापास करतो," ताहेर सर म्हणाले.

अश्विन सरांनी तोडगा सुचवला: मॅडमचे आजचे गुण आणि ताहेर सरांचे आधीचे गुण एकत्र धरायचे.

"चालेल की," मॅडम म्हणाल्या. "फक्त ते कोणत्या यंत्राचे गुण, तेवढं सांगा."

अश्विन सरांनी तोडगा मागे घेतला. पत्रा घट्टही बसेल आणि वाजेलही असं काही करता आलं, तर शुक्रवारी पुन्हा येऊ, असं सांगून दोघं अकोल्याला परतले.

शुक्रवारी सकाळपासून दीक्षा ग्राइंडरने वेल्ड कापत होती आणि पत्रे नटबोल्टने बसवत होती, मध्ये रबराचे वॉशर घालून. पिंटूभाऊ भोकं पाडून देत होते. पहिला पत्रा घट्ट बसला. वाजला, पण पहिल्यासारखा नाही. तो सूर कमी झाला की नुसता वेगळा, यावर तिचं आणि अश्विन सरांचं एकमत होत नव्हतं. दुसरा पत्रा भोक पाडताना वाकला, तो ठोकून सरळ करावा लागला.

दुपारी चार वाजता ताहेर सरांचा फोन आला, दोघंही अर्ध्या वाटेत मूर्तिजापूरला पोचले होते. पुण्याच्या संस्थेचं कार्यालय साडेपाचला बंद होणार होतं. त्या घडीला यंत्राच्या पाच पत्र्यांपैकी दोन वाजत होते आणि तीन अजून वेल्डमध्ये होते.