वल्ह्यावरची खाच

सन १९८७, सप्टेंबर महिन्याची पंधरावी तारीख, मंगळवार, सकाळचे आठ; स्थळ, मॅनिटोबा प्रांतात विनिपेग सरोवराच्या पश्चिमेस, आर्बोर्ग गावापासून सहा मैलांवर, बर्गथोर स्वेनसन याच्या मळ्यातील कोठार. या दिवशी, या वेळी आणि या ठिकाणी बर्गथोरने आयुष्यात प्रथमच आपल्या मधमाश्यांना जेवू घालण्याचे आरंभिले.

‘प्रथमच’ हा शब्द येथे शोभेसाठी घातलेला नाही. बर्गथोर तीस वर्षे माश्या पाळीत होता, आणि तीसही वर्षे शरदात मध काढून झाला की त्या सगळ्या मारीत होता. प्रत्येक पेटीच्या दारातून चमचाभर विषारी भुकटी आत सोडायची, तोंड फिरवून पुढच्या पेटीकडे जायचे, आणि एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियाहून नव्या माश्यांची खोकी मागवायची. त्या मुलखात कित्येकांची हीच रीत होती, कारण पाच महिन्यांचा हिवाळा पोसण्यापेक्षा नव्या माश्या स्वस्त पडत. पण आता दक्षिणेकडच्या माश्यांना गोचिडीसारखी कसलीशी कीड लागली होती आणि वर्षअखेर माश्यांच्या आयातीला सीमा बंद होणार होती. आहेत त्या शंभर पेट्या हिवाळ्यातून जिवंत काढायच्या, नाहीतर वसंतात रिकाम्या पेट्यांसमोर उभे राहायचे. तिसरा मार्ग नव्हता.

माहीतगार माणूस रस्त्यापलीकडेच राहत होते, आणि नेमके त्यालाच विचारण्याची सोय नव्हती. बर्गथोरची बहीण सोलरून, त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी, बारा पेट्या बाळगून होती आणि त्या तिने तीस हिवाळे तगवल्या होत्या. दर ऑक्टोबरात ती पेट्यांभोवती पेंढा रचून वर डांबरी कागद गुंडाळी, आणि दर ऑक्टोबरात बर्गथोर कुंपणावरून विचारी, “काय सिस्ता, टोपडी शिवून झाली का?” सिस्ता म्हणजे ताई, आइसलँडहून आलेल्या त्यांच्या आजोबांची भाषा घरात आता एवढ्यापुरतीच उरली होती. गावच्या सहकारी दुकानात तो आणखीही सांगत असे, की आमची सिस्ता माश्यांना अंगाई म्हणते, म्हणून त्या लाजेखातर जगतात. जो विनोद तीस वर्षे चालला, तो एका सकाळी मागे घेणे कोणाही स्वाभिमानी पुरुषास जड जाते. म्हणून बर्गथोरने सरकारी पत्रक मागवले होते.

पत्रकात लिहिले होते: पाणी तापवावे, विस्तवावरून उतरवावे, मग त्यात पाण्याच्या दुप्पट साखर विरघळवावी. बर्गथोरने यावर विचार केला. तापलेल्या पाण्यात साखर घातली काय, किंवा साखर घातलेले पाणी तापवले काय, बेरीज तीच राहते. क्रम उलटल्याने उत्तर बदलत नाही. हा सिद्धान्त त्याला इतका निर्दोष वाटला की त्याने तो पेन्सिलीने समासात टिपून ठेवला. मग बंद पडलेल्या मासळीच्या गोदामातून आणलेली, तीनदा घासलेली पोलादी काहील त्याने विटांवर चढवली, विहिरीचे गार पाणी ओतले, छत्तीसपैकी आठ पोती साखर त्यात रिकामी केली, आणि वडिलांच्या होडीचे जुने वल्हे घेऊन ढवळू लागला. साखर जी तळाला बसली ती दगडासारखी. वल्हे तिच्यावर टणकन वाजे. तेव्हा डुकरे सोलताना पाणी उकळायची गॅसची भट्टी त्याने ओढत आणली आणि काहिलीखाली पेटवली.

याच सुमारास सोलरून कोठाराच्या दारात उगवली. काखेत कॉफीचा थर्मास, गालात साखरेचा खडा. ती काही बघायला आलेली नव्हती, हे तिने आल्याआल्या स्पष्ट केले. चालता चालता गुडघा दुखला म्हणून जरा टेकणार होती. ती एका पोत्यावर टेकली, झाकणात कॉफी ओतली आणि खड्यातून गाळून एक घोट घेतला.

“सरोवर लांब आहे रे बेग्गी,” ती म्हणाली. “वल्हवत निघालास कुठे?”

“पाक करतोय.”

“कुणासाठी?”

“माश्यांसाठी.”

“तुझ्या?”

 बर्गथोरने वल्हे जोरात फिरवले. आच वाढली तशी तळची साखर सुटू लागली. पाक आधी पाण्यासारखा होता, मग चहासारखा झाला, आणि दहाच्या सुमारास त्याला असा काही तांबूस रंग चढला आणि असा काही दरवळ सुटला की बर्गथोरचा राग निवळला. त्याने बहिणीला समजावून सांगितले की हा रंग हुबेहूब मधाचा आहे, माश्यांना घरच्यासारखे वाटेल, आणि पत्रक लिहिणाऱ्यांना हे सुचलेले दिसत नाही.

सोलरून उठली. चमचाभर पाक तिने फुंकून चाटला, दुसरा चमचा कॉफीत घातला आणि डोळे मिटून प्यायली.

“उत्तम झालाय,” ती म्हणाली.

आपण जिंकलो असे बर्गथोरला वाटले. काही लोक साध्या गोष्टीचा तीस तीस वर्षे बाऊ करतात, असे तो छपराकडे पाहत म्हणाला.

“पॅनकेकवर घालायला उत्तम,” सोलरून म्हणाली. “माश्यांना घातलास तर मार्चपर्यंत एकही उरायची नाही.”

यावर बर्गथोर अर्धा तास बोलला. साखर ती साखर. आच ही काही वस्तू नव्हे की जी पाकात शिरून बसेल. माणसे करपलेल्या साखरेच्या वड्या पैसे देऊन खातात आणि कोणी मेल्याचे ऐकिवात नाही. शिवाय सिद्धान्त समासात लिहिलेला आहे, तिने हवा तर वाचून पाहावा. सोलरूनने सगळे ऐकून घेतले. भावाच्या युक्तिवादात ती कधी मधे पडत नसे. शेवटी त्याचा श्वास लागतोच, हा तिचा अनुभव होता.

“माणूस उठून बाहेर जातो,” मग ती म्हणाली. “माशी पाच महिने आत कोंडलेली. पोटात काय असेल ते पोटातच धरून बसते बिचारी. जळकी साखर तिला धरवत नाही. आत घाण होते, आणि पेटीच्या पेटी जाते.” तिने झाकणातली कॉफी संपवली. “तुला कसं ठाऊक असणार? तू त्यांना ऑक्टोबर दाखवलायस कधी?”

हे ती हळू आवाजात, चिडवल्याशिवाय बोलली. बर्गथोरला विषारी भुकटीचा तो चमचा आठवला, आणि आपण दरवेळी तोंड फिरवीत होतो तेही आठवले. तो खाली वाकला आणि त्याने भट्टी बंद केली. कोठारात एकदम शांत झाले.

“सांग मग,” तो म्हणाला.

“काय सांगू?”

“टोपडं कसं शिवायचं ते.”

सोलरून अशी हसली की गालातला खडा बाहेर पडला. तो तिने उचलून, फुंकून पुन्हा तोंडात टाकला, बाह्या सारल्या आणि काहिलीचा ताबा घेतला.

करपलेला पाक दुधाच्या कॅनांत काढला गेला. तो गावाने पुढे सगळा हिवाळा पॅनकेकवर घालून खाल्ला, आणि उगम कोणीही विसरला नाही. रिकामी काहील घासून झाल्यावर सोलरूनने तीत आठ पोती कोरडी साखर ओतवली, हाताने सपाट केली, वल्हे तळाला टेकवून उभे धरले, आणि साखर जिथवर पोचली होती तिथे सुरीने खाच पाडली. मग धुण्याच्या हंड्यातले उकळते पाणी, भट्टी बंद ठेवून, बादलीमागून बादली. साखर बुडे तशी पातळी खाली जाई. ती पुन्हा खाचेला लागेपर्यंत पाणी ओतायचे आणि तिथे थांबायचे. एवढीच तिची विद्या.

बर्गथोरला हे पटेना. तिची साखर बादलीत मावते, ही काहील मासळीची, वल्हे होडीचे. एकच रीत दोन्हींना लागू कशी पडेल?

“खाच वल्ह्यावर आहे, पण माप साखरेचं आहे,” ती म्हणाली. “भांडं बदललं की खाच आपोआप बदलते. ढवळ.”

त्याने ढवळले, पण मनात बादल्याही मोजल्या. पाक पाण्यासारखा नितळ झाला, तळाशी कणसुद्धा उरला नाही. हिशेब करता पत्रकापेक्षा एकच बादली जास्त भरली, आणि ती एक बादली त्याने आनंदाने बोलून दाखवली.

“माश्यांना गणित येत नाही,” सोलरून म्हणाली. “तुला चांगलं येतं, आणि सकाळी काय झालं ते बघितलं आम्ही.”

पुढच्या दहा दिवसांत उरलेली साखर याच रीतीने पाकात गेली आणि झाकणाला बारीक भोके पाडलेल्या बादल्यांतून, पालथ्या घालून, शंभर पेट्यांवर चढली. ऑक्टोबरात बर्गथोर पेंढा आणि डांबरी कागद घेऊन रांगेत गुडघे टेकून बसला होता, तेव्हा कुंपणावरून कोणीतरी विचारले, टोपडी शिवून झाली का. त्याने मान वर केली नाही. आवाज ओळखीचा होता, आणि प्रश्न तर त्याच्याच मालकीचा होता.

तो हिवाळा कडक गेला. बर्फातून पेट्यांकडे जाणारी एक पायवाट जानेवारीत पडली आणि रोज थोडी खोल होत गेली. ती कोल्ह्याची आहे, असे बर्गथोर सांगे. पायवाटेवर बूट क्रमांक अकराचे ठसे होते, याचा उल्लेख सोलरूनने कुठेही केला नाही. फक्त, कोल्ह्यांचे पाय हल्ली वाढलेत, असे एकदा चर्चच्या तळघरात कॉफी पिताना म्हणाली.

एप्रिलच्या नवव्या तारखेस, दुपारी, ऊन पडले असता, ती रस्ता ओलांडून आली. बर्गथोरने सकाळपासून एकही झाकण उचलले नव्हते. गुडघा दुखतो असे कारण त्याने सांगितले, आणि ते तिने मान्य केले. ती रांगेच्या एका टोकापासून निघाली. प्रत्येक पेटीवर बोटाच्या पेराने एकदा ठोके, कागदाला कान लावी, पुढे जाई. काही पेट्यांपाशी ती दोनदा ठोके. बर्गथोर टोपी हातात धरून दोन पावले मागून चालत होता. शंभराव्या पेटीपाशी ती सरळ उभी राहिली आणि तिने कानावरचा पेंढा झटकला.

“सतरा गेल्या,” ती म्हणाली. “बाकीच्या जगल्या.”