चौकातला चोथा

गल्लीच्या तोंडाशी यिंगझी थबकली. पुढे चौकात तिच्या सासूबाईंनी, श्यूफनबाईंनी, वाडग्यातला काढ्याचा चोथा रस्त्याच्या मधोमध उपडा केला आणि काठीने नीट पसरला. काळी मुळं, साली, उकडून फुगलेली लाल बोरं. चीनमधल्या शाओशिंग शहराच्या या जुन्या भागात दुखणाईताच्या काढ्याचा चोथा असाच रस्त्यावर टाकतात. येणाऱ्याजाणाऱ्यांनी तो तुडवला की दुखणं त्यांच्या पायांबरोबर निघून जातं म्हणे.

यिंगझी चाळिशीला टेकलेली. अंडाशयातली बीजं वयाच्या आधीच आटत चालली होती. वर्षभर एकाच दवाखान्याचे दोन मजले ती चढत-उतरत होती. खाली डॉक्टरीणबाई पोटात इंजेक्शनच्या सुया टोचायला सांगायच्या, वर म्हातारे शेन वैद्य नाडी धरून, जीभ बघून पुड्या बांधून द्यायचे. दोघांचं एकमेकांशी छान जमायचं; यिंगझीचं मात्र पोट निळं आणि तोंड कडू. काढ्याच्या भांड्याला श्यूफनबाई कुणाला हात लावू देत नसत. त्यांचा मुलगा, यिंगझीचा नवरा, एकदा मदतीला गेला, तर म्हणाल्या, तुला धड चहा जमत नाही, तू काढा काय उकळणार.

आज खालच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीच्या पडद्यावर बराच वेळ शोधलं. या खेपेलाही एकसुद्धा बीज वाढलं नव्हतं. वर शेन वैद्यांनी मनगट सोडताना हळूच सांगितलं, की पोरी, आता थांब, शरीराला विसावा दे. सासूबाईंना हे कोणत्या तोंडाने सांगायचं, म्हणून ती आलेल्या बस सोडत थांब्यावरच बसून राहिली होती. त्या बाईला नातवंडाची किती आस आहे, हे तिला ठाऊक होतं.

चौकातल्या स्कूटरी चोथ्याला वळसा घालून जात होत्या. हल्ली पायी चालतंय कोण? श्यूफनबाईंनी इकडेतिकडे पाहिलं, विजार जरा वर धरली आणि स्वतःच चोथ्यात उभ्या राहून पाय आपटू लागल्या.

यिंगझी धावलीच.

"आई, अहो, काय करताय हे? दुखणं तुम्हाला लागेल ना."

"लागू दे की. माझं दुकान केव्हाच बंद झालंय. तिथं येऊन काय लुटणार ते?"

यिंगझीला हसू आलं आणि हसता हसता रडूच फुटलं. खालच्या बाई काय म्हणाल्या, वरचे वैद्य काय म्हणाले, सगळं तिने तिथेच, भर रस्त्यात सांगून टाकलं.

श्यूफनबाईंनी पुरतं ऐकून घेतलं. मग पुन्हा तुडवायला लागल्या.

"आई, आता कशाला? संपलं ते."

"मूल यायचं तर येईल, नाहीतर नाही. न्हाणीघरात नळ सोडून रडत बसतेस, ते जावं म्हणून तुडवते मी."

यिंगझी त्यांना मिठी मारायला पुढे सरसावली. श्यूफनबाईंनी काठी आडवी धरली.

"लांब राहा. तुझा पाय पडला, तर परत तुझ्याकडेच यायचं सगळं."