पहिला काप

"कच्चं हाय अजून. उतरवू नको," खालून कुंताबाई ओरडली.

शिडीवर उभ्या असलेल्या उर्वशीने छपराच्या कवेलूंवरच्या कोहळ्याला, म्हणजे लाल भोपळ्याला, नख लावून पाहिलं. साल कडक, देठ वाळून खरखरीत. नारिंगी रंग तर रस्त्यावरूनही दिसत होता.

"आई, नख नाही घुसून राहिलं. कच्चं कसं?"

"तुले सांगतलं ना एकदा! दोडके ने, चवळी ने. वांगे तर खाऊन खाऊन कंटाळलो आम्ही."

भादवा सरताना आसगावातल्या या घरामागच्या सांदवाडीत पाय ठेवायला जागा नसे. मांडवावर दोडके लोंबत होते, कारल्याचा वेल कुंपण ओलांडून शेजारी गेला होता, अंबाडी कमरेएवढी झाली होती आणि तिच्या सावलीत कोंबड्या माती उकरून अंगावर घेत होत्या. उर्वशी जवाहरनगरला नवऱ्याला मिळालेल्या क्वार्टरमधून सकाळच्या बसने आली होती, ती मात्र आईच्या हातची कोहळ्याची भाजी खायला.

मांडवाच्या तोंडाशी खाटेवर तिचे वडील बसले होते, भैय्यालाल, डाव्या हातात काठी घेऊन. उन्हाळ्यात लकव्याने त्यांचा उजवा हात नेला. तेव्हापासून कोंबड्या हाकलणं हे त्यांचं काम. उजव्या बाजूने गेलं की काठी उशिरा येते, हे लाल कोंबड्याने आठवडाभरात ओळखलं. मग भैय्यालालांनी खाट फिरवून घेतली. आता कोंबडा पुन्हा विचारात पडला होता.

मायलेकींचा आवाज ऐकून कुंपणापलीकडून धनीराम आला.

"वहिनी, कोहळे वरच सडून जातीन. आणा इळा, मी मारतो पहिला काप."

कुंताबाईने खाटेकडे पाहणं टाळलं. इथे बाईमाणूस अख्ख्या कोहळ्याला पहिला काप देत नाही. तो घरच्या पुरुषाचा. पुढचं सगळं बाईचं. इतकी वर्षं भैय्यालाल एका घावात कोहळं उघडत आले होते. यंदा त्यांना सांगावं, तर विळा चारचौघांत हातातून निसटायचा. दुसऱ्याला सांगावं, तर घरचा पुरुष खाटेवर बसून ते बघणार. म्हणून महिनाभर ती ज्याला त्याला सांगत होती, कच्चं आहे.

"कच्चं हाय म्हटलं ना, भाऊजी."

"अख्ख्या गावाले पिकलं दिसते, अन् तुमालेच कच्चं!" धनीराम हसला.

भैय्यालाल हसले नाहीत. त्यांनी काठी खाटेला टेकवली. झटक्यानंतर त्यांचे शब्द जड झाले होते, एकेक वेगळा येई.

"उर्वशी. उतरव. इळा... आण."

"अजी, राहू द्या ना," कुंताबाई म्हणाली.

"काहून? मेलो... का मी?"

धनीराम एकदम कारली निरखू लागला.

उर्वशीने कोहळं पोत्यावर ठेवलं. कुंताबाईने ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं. पहिल्यांदा भैय्यालालांच्या डाव्या हातातला विळा सालीवरून घसरला आणि तिच्या बोटांजवळून गेला. तिने बोटं हलवली नाहीत. दुसऱ्यांदा भैय्यालालांनी घाव घातलाच नाही. विळ्याचं टोक सालीवर टेकवलं आणि सगळं अंग त्यावर झुकवलं. कर्रकन आवाज झाला. करंगळीएवढी रेघ उमटली आणि तिच्यातून चिकट रसाचे थेंब वर आले.

"झाला," कुंताबाई म्हणाली.

"येवढासा?" धनीरामला राहवलं नाही.

"पहिला काप लागते, भाऊजी. अर्धं कोहळं नाही लागत."

तिने विळा घेतला, त्याच रेघेत बसवला आणि कोहळं उघडलं. आतला गर हळदीसारखा पिवळा होता. बियांच्या वासाने लाल कोंबडा समोरूनच आला, अगदी डाव्या हाताच्या टप्प्यात. भैय्यालालांनी काठी उचलली नाही.

अर्धं कोहळं धनीरामच्या घरी गेलं. दुपारी जेवणं झाल्यावर भैय्यालाल म्हणाले, "दुसरं... आण."

"बाबा, येवढं कोण खाईन?"

"तुयं. तिकडं कोण कापन? जावई... ड्युटीवर."

या कोहळ्यावर विळा पहिल्याच वेळी रुतला.

संध्याकाळच्या बसमध्ये उर्वशीने ते मांडीवर घेतलं. शेजारची बाई वाकून म्हणाली, "फुटलं का वं?"

"नाही मावशी. कापलं हाय."

पुढे रस्ता खराब लागला, धूळ खिडकीतून आत येऊ लागली, तेव्हा तिने त्या रेघेवर अंगठा ठेवला.