चौसष्ट अक्षरांचं पत्र

मी एक जुनी यादी आहे, मित्रांनो. कागदावरची नाही, तपासणी कार्यालयाच्या कॉम्प्युटरमधली. माझ्या पोटात लाखो ठसे आहेत. माणसाच्या अंगठ्याचा असतो तसा प्रत्येक फाईलचाही चौसष्ट आकडे-अक्षरांचा ठसा असतो. फाईलमधला एक स्वल्पविराम हलला तरी तो सगळाच बदलतो.

मला घडवलं तपासनीस ताईंनी. कोऱ्या कॉम्प्युटरवर नवं सॉफ्टवेअर घालायचं, त्यातल्या एकेका फाईलचा ठसा घ्यायचा आणि मला द्यायचा. मग तपासाला एखादं यंत्र आलं, की मी ओळखीच्या फायली बाजूला काढायचे. उरेल ते माणसाचं. तेवढंच ताई उघडून वाचायच्या. 'हिच्यामुळे माझे डोळे शाबूत आहेत,' असं त्या येईल त्याला सांगायच्या. मी आतल्या आत फुगायचे.

पुढे नवे साहेब आले. त्यांना मी तोकडी वाटले. दुसऱ्या कार्यालयाची यादी म्हणे दुप्पट लांब होती. ताई रजेवर गेल्या आणि साहेबांनी कार्यालयाच्या अख्ख्या कॉम्प्युटरमधल्या फायलींचे ठसे मला भरवले. त्यात साहेबांचे सहलीचे फोटो होते, कॅन्टीनचा तक्ता होता आणि एका घड्याळजीकाकांच्या डिस्कची कॉपीही होती. काकांची मुलगी ऑपरेशनमधून उठलीच नाही. 'बाबा, तुमच्यासाठी लिहून ठेवलंय,' असं ती आदल्या दिवशी म्हणाली होती. ते शोधायला काकांनी डिस्क आणलेली. कॉपी होईपर्यंत डिस्कनं कसाबसा तग धरला, मग मान टाकली.

दुसऱ्या दिवशी मी काकांच्या फायली तपासल्या. सगळ्याच ओळखीच्या निघाल्या; कालच तर त्यांचे ठसे मला भरवले होते. अहवाल छापला गेला: सर्व फायली सॉफ्टवेअरच्या, खाजगी काही नाही. इतका झटपट निकाल बघून साहेब हरखले. काम संपलं म्हणून नियमाप्रमाणे कॉपीही पुसली.

ताई परतल्या, अहवाल वाचून त्यांनी मला उघडून बघितलं. काकांना बोलावून त्यांनी सगळं खरं सांगितलं. साहेब म्हणाले, यादी वाढली हे मात्र कुणी बघत नाही.

माझ्यात ठशाशेजारी फाईलचं नाव असतं. तिथे होतं: 'बाबांसाठी'.

"ठसा आहे ना? मग त्यावरून काढा की पत्र," काका म्हणाले.

"ठशावरून पत्र ओळखता येतं, काका. परत लिहिता येत नाही."

"मग तो ठसा तरी द्या लिहून."

ताईंनी चौसष्ट अक्षरं कागदावर उतरवून दिली. काकांनी ती भिंगातून सावकाश वाचली, पुन्हा पहिल्यापासून वाचली आणि कागद खिशात ठेवला.

आता ताई नवी यादी करतायत. मला कुणी हात लावत नाही. मित्रांनो, माझ्यासारखीला काही भरवायच्या आधी ते एकदा उघडून वाचा. मी ज्याला ओळखीचं म्हणते, ते मग कुणीच वाचत नाही.