मतपेटीच्या फटीतला लाल चुरा

मित्रांनो, नीट बसा आणि मधे बोलू नका. मी एक जुनी लोखंडी मतपेटी आहे, भंडाऱ्याच्या गोदामात पडलेली. माझ्या पोटात चोरी झाली, असा आळ माझ्यावर आला होता. तो राग अजून माझ्या पत्र्यात धगधगतो.

सन १९७८. सिहोऱ्याजवळच्या एका गावी ग्रामपंचायतीची निवडणूक होती. सकाळी दोन्ही उमेदवारांच्या प्रतिनिधींना मला रिकामी दाखवले, झाकणातल्या छोट्या खिडकीमागे, पेटी उघडली की फाटेल अशी क्रमांकाची कागदी मोहोर बसवली, तिच्यावर त्यांच्या सह्या घेतल्या, क्रमांक त्यांनी चिठ्ठीवर टिपून घेतला आणि झाकणाला लाख लावली. पहिल्या मतदार चंद्रभागाबाई. नवी वस्तू दिसली की हळदकुंकू वाहायचे, ही त्यांची रीत. कुणी अडवण्याआधीच त्यांनी मलाही वाहिले.

मोजणीपर्यंत मी शाळेत कुलपात होते. किल्ली गुरुजींकडे, आणि गुरुजी म्हणजे उमेदवार शकुनबाईंचे दीर. दुसऱ्या दिवशी विरोधी उमेदवार वासुदेवरावांचा प्रतिनिधी गोमाजी माझ्या फटीकडे बोट दाखवून ओरडला, "लाख फोडली ना जी! हा पाहा चुरा!"

"किल्ली कोनाजवळ होती?" वासुदेवराव गरजले. "चोर हाय तो मास्तर!"

गुरुजींची नोकरी पणाला लागली. बातमी एसटीत बसून सिहोऱ्याला निघालीसुद्धा. मोजणीला आलेले निवडणूक अधिकारी साहेब कंटाळून म्हणाले, "उघडा पेटी, उशीर होतो."

"थांबा साहेब!" शकुनबाई कडाडल्या. "शहानिशा झाल्याबिगर हात लावाचा नाही. गोमाजी, बोट ओलं कर आन् चुऱ्याले लाव. लाख पान्यात विरघळते काय?"

बोट लालभडक झाले.

"आता कपाळाले लाव, गोमाजी!" कुणीतरी हसले.

"हासू नका!" शकुनबाई म्हणाल्या. "हे कुंकू हाय, एवढंच समजलं. पेटी उघडली नाही, हे अजून समजाचं हाय. वाच क्रमांक."

गोमाजीने खिशातल्या आपल्याच चिठ्ठीशी क्रमांक ताडून पाहिला. जुळला. कागद अखंड होता.

"सही माहीच हाय," तो पुटपुटला.

मग मला उघडले. शकुनबाई अकरा मतांनी हरल्या! वासुदेवरावांनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून मला घातला. गुरुजींवरचा आळ मात्र मागे घेतला नाही. सिहोऱ्याला खरे सांगायला कुणीही एसटीत बसले नाही. तिथे गुरुजी चोरच राहिले.

मित्रांनो, शंका जरूर घ्या. मी रागावणार नाही. पण आधी माझ्याजवळ या, क्रमांक वाचा, सही ओळखा. तो हार केव्हाच सुकला, कुंकू फटीत अजून आहे. त्याची परीक्षा करायला बोटभर पाणी पुरते. तेवढे कष्ट ज्याला नकोत, त्याने कुणाला चोर म्हणू नये.