ओळख दाखवायची नाही

त्याने अंडं पॅनच्या काठावर आपटलं, तर ते फुटलंच नाही. दुसऱ्यांदा जोरात आपटलं, तेव्हा अर्धं पॅनमध्ये गेलं आणि अर्धं त्याच्या बाहीवर. समोर जमलेल्या बायकांमधली एक फिसकन हसली. ती त्याची बायको होती.

आणि नेमकं हेच कोणाला कळायला नको होतं.

भांड्यांच्या दुकानात तो प्रात्यक्षिकं करून दाखवायचा. नव्या नॉनस्टिक पॅनचा ढीग आला तेव्हापासून जागचा हलला नव्हता. काल मालकांनी त्याला बोलावून शांतपणे सांगितलं होतं, "उद्या हा ढीग कमी झाला नाही, तर परवापासून तू गोदामात." गोदाम म्हणजे तळघर. तिथे बसून कुकरच्या शिट्ट्या डब्यांत भरायच्या. तिथे गेलेला माणूस पुन्हा वर आल्याचं कोणी पाहिलं नव्हतं.

म्हणून घरी गेल्या गेल्या त्याने बायकोला पढवलं. तिने गिऱ्हाईक म्हणून यायचं. ओळख दाखवायची नाही. ठरलेले प्रश्न विचारायचे, "वा!" म्हणायचं आणि पहिला पॅन उचलायचा. एकीने उचलला की बाकीच्या उचलतात. गर्दी पांगली की पॅन गुपचूप ढिगात परत.

"म्हणजे घरी आणायचा नाही?" तिने विचारलं होतं.

तिच्या हातात सांडशी होती, कारण घरच्या पॅनचा दांडा कधीच तुटला होता. बूड फुगल्यामुळे तो गॅसवर आपला आपण गोल फिरायचा. कांदा परतायचा तर एका हाताने त्याला पकडून ठेवावं लागायचं.

"आणू की. सावकाश," तो म्हणाला होता.

तिने सांडशीने पॅन धरून कांदा परतायला घेतला होता.

"बघा ताई, तेलाचा थेंब नाही!" आता तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. लग्नाच्या बायकोला ताई म्हणताना त्याची जीभ अडखळली.

"चिकटत नाही ना?" तिने पाठ केलेला प्रश्न विचारला.

"चिकटतंय कसलं? थांबायला तयार नाही!"

त्याने पॅनला झोकात हिसका दिला. अंडं उडालं. बायकांच्या डोक्यांवरून गेलं आणि मागे हाताची घडी घालून उभ्या असलेल्या मालकांच्या खिशावर, पेनाच्या शेजारी जाऊन बसलं. पिवळा बलक शर्टावरून हळूहळू खाली निघाला. मालकांनी तोंड उघडलं.

एवढ्यात चष्मेवाल्या एका आजींनी टाळी वाजवली. "अगंबाई! पॅनला कणसुद्धा नाही राहिला!"

सगळ्याजणी पॅनमध्ये वाकून बघायला लागल्या. मालकांनी उघडलेलं तोंड मग हसायला वापरलं.

त्याने सुटकेचा निःश्वास टाकला आणि बायकोकडे पाहिलं. आता तिने विचारायचं होतं, धुवायला सोपा आहे का.

"तुमच्या घरी कोणता आहे?" तिने विचारलं.

"माझ्या... घरी?"

"एवढं कौतुक करताय, म्हणून विचारलं."

"हाच. हाच आहे की! आल्या आल्या पहिला मी घरी नेला."

"बायकोला आवडला?"

"खूश आहे एकदम."

"असं ती म्हणाली?"

"म्हणायला कशाला हवं? चेहऱ्यावर दिसतं ना."

"तुम्ही बघता?"

आजींनी शेजारणीला कोपराने ढोसलं. "बाई भारी आहे हं. माझ्या मनातलं विचारतेय."

त्याच्या कपाळावरून घाम निथळायला लागला. मालक रुमालाने खिसा पुसत होते, पण नजर त्याच्यावरच होती. आता माघार घेतली तर तळघराचा जिना समोर होता. त्याने थाप मारली, आणि मारायचीच तर मोठी मारली.

"बघतो म्हणजे? अहो, मी स्वयंपाकघरातच असतो! सकाळचा नाश्ता रोज माझ्याकडे. बायकोच्या हातात चहा देतो आणि सांगतो, तू बस, मी करतो."

"रोज?" बायकोने विचारलं.

"रोज."

"ऐका गं!" आजी म्हणाल्या. "आमच्याकडे उभ्या जन्मात 'ऊठ' सोडून काही ऐकलं नाही. दादा, मला दोन दे. एक लेकीला आणि एक थेट जावयाच्या हातात."

मग झुंबडच उडाली. जिला तिला नवऱ्यासाठी पॅन हवा होता. ढीग भराभर खाली गेला. एकीने तर शोकेसमधला काढायला लावला. तो बांधत होता, एकमेकांत अडकलेले दांडे मोकळे करत होता, आणि मधूनमधून बायकोकडे बघत होता. तिने अजून "वा" म्हटलं नव्हतं. ती एकेक पॅन उलटा करून बूड अंगठ्याने दाबून बघत होती. शेवटी तिने सगळ्यात लहान उचलला आणि पर्समधून पैसे काढून त्याच्यासमोर ठेवले.

हे ठरलं नव्हतं.

"हा फार लहान आहे," तो हळूच म्हणाला. "मोठा घ्या ना, ताई. दोघांना..."

"मला पुरेल."

तेवढ्यात मालक हात पसरत आले. "ताई, तुम्ही आलात आणि दुकानाला रंग चढला! तुम्हाला घरपोच देतो, आमच्याकडून. कुठे राहता? ए, पत्ता लिहून घे रे."

त्याचं घर मालकांना माहीत होतं. त्याने पेन उचललं आणि बायकोकडे बघून, कोणाला दिसणार नाही इतकी, मान हलवली.

"पाण्याच्या जुन्या टाकीसमोर," ती म्हणाली. "सायकलच्या दुकानावर, पहिला मजला."

माहेरचा पत्ता! काय डोकं आहे, त्याच्या मनात आलं. त्याला इतका आनंद झाला की त्याने भराभर लिहून काढलं आणि तिला डोळा मारायचाच तेवढा बाकी ठेवला.

"घ्यायला कोण असतं घरी?" मालकांनी विचारलं. "नाहीतर आमच्या माणसाला हेलपाटा."

"आई असते. आणि आजपासून मीही तिथेच आहे. बॅग सकाळीच पोचवली."

त्याचं पेन कागदावरच राहिलं. सकाळी तो घाईत निघाला होता. बॅग भरलेली होती का, कुठे ठेवलेली होती का, त्याला काहीच आठवेना.

"वा, माहेरपण!" मालक म्हणाले. "किती दिवस मुक्काम?"

"ते अजून ठरलं नाही."

"मजा आहे बुवा." मालकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "तू आज कमाल केलीस. गोदामाचं विसर. आणि हे पार्सल जाताना तूच टाक, म्हणजे ताईंना लगेच मिळेल."

मागून आजी ओरडत होत्या, माझे दोन बांधले का. त्याने तो लहान पॅन कागदात गुंडाळायला घेतला. कागद सारखा निसटत होता.

"कधी आणू?" त्याने विचारलं. हा आवाज मालकांनी कधी ऐकलेला नव्हता, पण त्यांचं लक्ष गल्ल्याकडे होतं.

"कधीही आणा." तिने पर्सची चेन लावली. "दार आई उघडेल. तिला सांगा, दुकानातून आलोय."